पोरांच्या तोंडाकडे बघून

टेबलापलीकडे समुपदेशक, अलीकडे बाई, आणि बाईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभं असलेलं तिचं मूल. पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिला कक्षात हे दृश्य नेहमीचं. नाव, गाव, लग्नाचं वर्ष इथपर्यंत मूल तिथेच असतं. बोलणं मारहाणीवर आलं की कुणीतरी म्हणतं, "जा बाळा, जरा बाहेर बाकावर बस." हातात बिस्किटाचा पुडा दिला जातो. मूल बाहेर जातं आणि पुडा न फोडता अर्धवट उघड्या दाराकडे बघत बसतं. आत प्रश्न चाललेले असतात. कधीपासून मारतो, कशाने मारतो, माहेरी सांगितलंत का, मग आधी का नाही आलात? या शेवटच्या प्रश्नाला महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: "पोरांच्या तोंडाकडे बघून दिवस काढले."

या अंकासाठी ‘घर’ हा विषय आला तेव्हा या वाक्यापाशीच थांबावंसं वाटलं. त्यात आईची माया आहे, तिचा नाइलाज आहे, आणि सासर-माहेर, शेजारी, पोलीस अशा सगळ्यांनी मिळून धरलेलं एक गृहीतही आहे. बाई मार खाईल, पण मुलांना मायेने झाकून घेईल, असं ते गृहीत. मुंबई पोलिसांच्या साथीने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली असा पहिला कक्ष सुरू केला, तेव्हा त्याचं नावच महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष असं ठेवलं. पुढे राज्य सरकारने ते काम जिल्ह्याजिल्ह्यात नेलं. नावात मुलं पहिल्या दिवसापासून आहेत. कामकाजात मात्र ती बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावर असतात. गेल्या तीन-चार दशकांतलं संशोधन वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. आईची माया मुलाला खरोखर सावरते, याला चांगला पुरावा आहे. पण ती माया कितीही मार खाल्ला तरी आटत नाही, तिला कुणाच्या आधाराची गरज नसते, हा आपला समज त्या मुलांच्याच मुळावर येतो.

झोपलेलं मूल

पोरांना काय कळतंय, झोपलेली असतात, असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात आणि आईही स्वतःची तशीच समजूत घालते. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच समजुतीची परीक्षा घेतली. सहा ते बारा महिन्यांच्या २० बाळांना त्यांच्या झोपेच्या वेळी एमआरआय यंत्रात निजवलं आणि झोपेतच त्यांच्या कानावर एका पुरुषाच्या आवाजातली निरर्थक वाक्यं सोडली. कधी आनंदी सुरात, कधी साध्या, कधी चिडलेल्या, कधी भयंकर संतापलेल्या. ज्या घरांत आईबापांची भांडणं जास्त, त्या घरांतल्या बाळांच्या मेंदूत संतापी सुराला उमटणारा प्रतिसाद अधिक तीव्र होता, आणि तोही ताण नि भावना हाताळणाऱ्या भागांत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मोजमाप होतं ते भांडणांचं. मारहाणीची पायरी त्याच्या पुष्कळ पुढची.

थोड्या मोठ्या मुलांचं काय होतं ते कळायला यंत्र लागत नाही. अशा घरातलं सात-आठ वर्षांचं पोर बापाच्या गाडीचा स्टँड कसा लागला यावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखतं. चपला कशा काढल्या, किल्ली कुठे टाकली, जेवायला काय आहे हे कोणत्या आवाजात विचारलं, सगळ्याची त्याच्याजवळ नोंद असते. धाकट्याला कधी गच्चीवर न्यायचं, पाण्याचा तांब्या कधी पुढे करायचा, टीव्हीचा आवाज कधी कमी करायचा, ही कामं ते न सांगता करतं. पाहुणे म्हणतात, किती समंजस पोर आहे. वर्गात मात्र हेच पोर बाकावरून पट्टी पडली तरी दचकतं, गणितात लक्ष नसतं, आणि मधल्या सुट्टीत कुणी धक्का दिला तर सरळ हात उचलतं. बाई म्हणतात, अभ्यासात मन नाही, मस्तीखोर आहे. मन पहाऱ्यावर गुंतलेलं असल्यावर अभ्यासाला उरणार कुठून?

अशी मुलं किती, याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी दर चौघींत एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशात हे प्रमाण २९ टक्क्यांच्या पुढे होतं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. तीन चतुर्थांशाहून जास्त बायका कुणापाशी चकार शब्द बोललेल्या नव्हत्या. म्हणजे कक्षातल्या बाकापर्यंत पोहोचलेलं मूल फार थोड्या मुलांमधलं एक. बाकीची घरीच असतात. युनिसेफने २०१७ साली जगाचा हिशेब मांडला, त्यात पाच वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एका मुलाची आई जोडीदाराच्या हिंसेची बळी होती.

त्रेसष्ट आणि सदतीस

अशा मुलांचं पुढे काय होतं, यावर २००३ साली ११८ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. घरातली मारहाण पाहिलेल्या शंभर मुलांपैकी साधारण ६३ मुलांची स्थिती, मारहाण न पाहिलेल्या सरासरी मुलापेक्षा वाईट निघाली. हा आकडा नीट वाचायला हवा. सरासरीच्या खाली निम्मी मुलं कुठेही असणारच. हिंसेचा काडीचा परिणाम नसता तरी इथे ५० आलेच असते. तेव्हा ६३ म्हणजे नुकसान नक्की, पण सगळ्यांचं वाटोळं नव्हे. उरलेली ३७ मुलं सरासरीइतकी किंवा तिच्याहून बरी होती. त्यांच्यातल्या काहींच्या घरी मारहाण कमी झाली असेल, काहींचा मूळ स्वभावच शांत असेल. पण या मुलांना कशाने तारलं हा प्रश्न संशोधकांनी लावून धरला, तेव्हा एक उत्तर वारंवार हाती लागलं: जवळ कुणीतरी होतं.

हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या मागे एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन अभ्यासक कित्येक दशकं राहिल्या. गरिबी, अवघड बाळंतपण, आईबापांचं जुंपलेलं भांडण, दारू, मानसिक आजार, असं सगळं एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं मोठेपणी धडधाकट मनाची, कामाधामाची, दुसऱ्याला जपणारी माणसं झाली. त्यांच्या बालपणात आई, आजी, मावशी, मोठं भावंड, एखादी शिक्षिका असं किमान एक माणूस घट्ट धरून ठेवणारं होतं. मिनेसोटातल्या १९८८ सालच्या अभ्यासात लहानपणी स्वतः मार खाल्लेल्या आया होत्या. त्यातल्या ज्यांनी आपल्या मुलांवर हात उचलला नाही, त्यांच्या आयुष्यातही लहानपणी प्रेमाने वागवणारं एक मोठं माणूस, किंवा पुढे मिळालेली चांगली मानसोपचारांची साथ, किंवा आधार देणारा जोडीदार होता. बापाचं पाहून पोरगा मारकुटाच होणार, ही आपल्याकडची ठाम भविष्यवाणी म्हणूनच पुराव्यावर टिकत नाही. धोका वाढतो, हे खरं. राष्ट्रीय सर्वेक्षणातही ज्यांचा बाप आईला मारत असे अशा बायकांचं स्वतः मार खाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त दिसतं. पण वाढलेला धोका म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

माया म्हटलं की डोळ्यांसमोर पोटाशी धरणं येतं. त्याचं मोल आहेच. भेदरलेल्या लहान मुलाला स्वतःला शांत करता येत नाही, ते शांतपणा मोठ्या माणसाकडून उसना घेतं. छातीची धडधड, श्वास, पाठीवरचा हात यांतून तो मिळतो. पण मारहाणीच्या घरात मायेची खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. चहा उकळत असतो, डबा भरायचा असतो, आईच्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं असतं, आणि घरात सगळे काही घडलंच नाही असे वावरत असतात. मूल विचारतं, "काय झालं?" आई म्हणते, "काही नाही, मोरीत पाय घसरला." तिचा हेतू निर्मळ आहे, तिला मुलाला घाबरवायचं नाही. पण मुलाने रात्री भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं असतं. आता त्याच्यापुढे दोनच वाटा: आपल्या कानांवर अविश्वास दाखवायचा किंवा आईवर. शिवाय लहान मुलाला घडलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण स्वतःत दिसतं. मी दूध सांडलं म्हणून बाबा चिडले, मी पैसे मागितले म्हणून झालं. गप्प बसलेल्या घरात हा हिशेब खोडून काढायला कुणीच नसतं.

म्हणून या मुलांसोबत काम करणारे ज्याला माया म्हणतात त्यात तीन साध्या गोष्टी येतात. जे घडलं ते घडलं, हे मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत मान्य करणं. यात तुझी काही चूक नाही, हे स्पष्ट सांगणं, आणि एकदाच सांगून न थांबणं. आणि दिवसाचा काही भाग तरी रोज त्याच वेळी, त्याच रीतीने घडेल असं बघणं: वेणी घालणं, शाळेच्या फाटकापर्यंत सोडणं, झोपताना एक गोष्ट. आपल्याकडे कुणी म्हणेल, असे लाड केले तर पोरं शेफारतील, बापाचा धाक हवाच. धाकाचं काम शिस्त लावणं असेल तर ती मायेशी भांडत नाही. ठरलेला नियम आणि तो शांतपणे पाळून घेणारी आई याने मुलाला बरंच वाटतं, कारण पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असतं. मारहाणीच्या घरातला धाक उलटा असतो. तिथे आज चालून गेलेल्या गोष्टीवर उद्या थप्पड बसते.

माया कुठून आणायची

इथे सर्वांत रास्त आक्षेप उभा राहतो. मार बाईने खायचा, वर पोराला सावरायचंही तिनेच, आणि पोर बिघडलं तर बोल तिलाच? संशोधनाचा असा अर्थ कुणी लावला तर तो आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण पुरावा वेगळंच सांगतो. मार खाणाऱ्या बऱ्याच आया मुलांकडे अधिकच लक्ष देतात, जणू घरातली उणीव भरून काढायला धडपडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्याच वेळी सततच्या भीतीने झोप उडालेली, मनाने खचलेली आई मुलाच्या रडण्याला प्रतिसाद देऊ शकत नाही, हेही दिसतं. पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच बाईत, आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी दिसतात. शिवाय एक तिसरी गोष्ट कक्षांमधून ऐकू येते: "तो येऊन मारण्याआधी मीच दोन फटके देते, म्हणजे तो हात लावत नाही." हा मारही जपण्याच्या पोटी आलेला असतो. मुलाला त्यातलं जपणं दिसत नाही.

मुळात मारणाऱ्या माणसाचा रोख बहुतेक वेळा या मायेवरही असतो. ब्रिटनमध्ये कॅथी हम्फ्रीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बारकाईने मांडलं. आईला मुलांदेखत वेडी, नालायक म्हणणं, ती मुलाला जवळ घेऊन बसली की मुद्दाम तेव्हाच हाक मारणं, मुलाला आईवर पाळत ठेवायला लावणं, आजारी मुलाजवळ तिला जाऊ न देणं. आपल्या घरांत याला आणखी हात लागतात. "तुझी आई कशी आहे बघ" हे नातवाला सांगणारी सासू असते, आणि "पोरगा आमचा, तू जा माहेरी" हे वाक्य तर नांदणाऱ्या कितीतरी बायकांच्या डोक्यावर टांगलेलं असतं. तेव्हा अशा घरातली आई मुलाला माया का देत नाही, असं विचारण्याआधी ती कोण देऊ देत नाही, हे विचारायला हवं.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. प्रेमळ आईची मुलं बरी दिसतात, पण कदाचित त्या घरांत मारच कमी असेल, किंवा शांत स्वभावाच्या मुलांवर माया करणं सोपं जात असेल. नुसत्या निरीक्षणांवर हा संशय फिटत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग लागतात, आणि ते झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अलिशिया लिबरमन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांची, घरातली मारहाण पाहिलेली मुलं आणि त्यांच्या आया अशा ७५ जोड्या होत्या. एका गटाला वर्षभर आठवड्यातून एकदा आई आणि मूल एकत्र बसून उपचार मिळाले. खेळण्यातला बाहुला बाहुलीला मारू लागला की उपचार करणारी व्यक्ती खेळ बंद पाडत नसे. तिघं मिळून त्याच्याबद्दल बोलत. वर्षअखेर त्या मुलांचं वागणं आणि भेदरलेपण तुलनेच्या गटापेक्षा सुधारलेलं होतं, आणि वागण्यातला फरक सहा महिन्यांनंतरही टिकला. मिशिगनमध्ये सँड्रा ग्रॅहम-बर्मन यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांवर काम केलं. नुसत्या मुलांच्या गटापेक्षा मुलांसोबत आयांचाही गट चालवला तिथे सुधारणा जास्त झाली. टेक्सासमध्ये अर्नेस्ट जूराइल्स आणि रेनी मॅकडोनल्ड यांनी आसरागृहातून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन, मूल खेळत असताना त्याच्या खेळामागे कसं जायचं, कौतुक कसं करायचं, नियम कसा पाळून घ्यायचा, हे शिकवलं. त्याच्या जोडीला जाण्यायेण्याची सोय, घरातल्या वस्तू अशी रोजची अडचणही सोडवली. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. मुलाचा दंगेखोरपणा कमी करण्याच्या कार्यक्रमात गादी आणि बसभाडं येतं, कारण ज्या बाईला उद्या राहायचं कुठे हे ठाऊक नाही, तिच्याकडून शांतपणे गोष्ट सांगितली जाणार नाही.

मग "पोरांच्या तोंडाकडे बघून" राहावं की निघावं? याचं एकच उत्तर सगळ्या बायकांना देता येत नाही. घर सोडण्याच्या आगेमागे मारहाण जिवावर उठू शकते, आणि निघून गेल्यावर भाडं भरायला कुणी येत नाही. पण माया आहे म्हणून राहून चालेल, हा निष्कर्ष पुराव्यातून निघत नाही. माया हिंसेचा परिणाम कमी करते, पुसून टाकत नाही. मारहाण जितकी वाढत जाते तितकी माया कमी पुरते, कारण ती देणारीच मोडत जाते.

"बाप म्हणून तो चांगला आहे"

हे वाक्यही कक्षात हमखास येतं, कधी नवऱ्याकडून, कधी सासूकडून, कधी खुद्द बाईकडून. पोरांवर फार जीव लावतो, खाऊ आणतो, खांद्यावर बसवून जत्रा दाखवतो. पुष्कळदा ते खोटं नसतं, आणि मुलाचंही बापावर प्रेम असतं. प्रश्न असा, की ही माया आईच्या मायेसारखी सावरते का? जो हात डोक्यावरून फिरतो तोच हात रात्री आईचे केस धरतो, तेव्हा मुलाला त्या हाताची ऊब आणि भीती वेगळी करता येत नाही. प्रेम आणि मार एकाच माणसाकडून, एकाच घरात, कसलीही माफी न मागता मिळत राहिले, तर प्रेम असंच असतं हा धडा मूल शिकतं. मुलाच्या आईला मारणं हे बाप म्हणून केलेलं वागणं आहे, नवरा-बायकोतली वेगळी बाब नाही. कॅनडातल्या ‘केअरिंग डॅड्स’ या कार्यक्रमाची उभारणी याच विचारावर आहे. मुलावरच्या प्रेमाला हात घालायचा आणि तिथून बापाला त्याच्या हिंसेपर्यंत आणून उभं करायचं. आपल्याकडे पुरुषांशी पुरुषांनीच या विषयावर बोलायचं काम ‘मावा’ ही मुंबईतली संस्था १९९३ पासून करते, ‘पुरुष स्पंदनं’ हा तिचा दिवाळी अंकही निघतो. बाप बदलू शकतो, हे धरूनच हे काम चालतं. बदललाय की नाही, हे मात्र खाऊच्या पुड्यावरून ठरवता येत नाही. ते ठरतं आईला त्याच्यासमोर मोठ्याने नाही म्हणता येतं का, यावरून.

कायद्याला हा फरक थोडा कळतो. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात, आणि बापाची भेट मुलाला अपायकारक वाटली तर ती नाकारू शकतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या कायद्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं. घरातली हिंसा पाहणारं, ऐकणारं किंवा तिचे परिणाम भोगणारं मूल तिथे साक्षीदार मानलं जात नाही, स्वतःच पीडित मानलं जातं. आपल्या कायद्यात पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री, मूल तिच्या मागून येतं.

चार रकाने

हे मागून येणं आपल्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या कागदात दिसतं. कौटुंबिक घटना अहवालाच्या छापील नमुन्यात मुलांच्या तपशिलासाठी जागा आहे: किती मुलं, आणि मग प्रत्येकाचं नाव, वय, मुलगा की मुलगी, सध्या कोणाजवळ. त्याखाली आईवरच्या हिंसेचे प्रकार सविस्तर येतात, खुणा करण्यासाठी. मुलांच्या चार रकान्यांत ते मूल त्या रात्री कुठे होतं याला जागा नाही. अनुभवी समुपदेशक हे कागदाबाहेर विचारतात. मारहाण सुरू झाली की मूल काय करतं? मध्ये पडतं का? रात्री कोणाजवळ झोपतं? अंथरूण ओलं करू लागलंय का? त्याच्याशी बोलायला तुम्हाला दिवसातला कुठला वेळ मोकळा मिळतो? शेवटच्या प्रश्नावर बायका बराच वेळ थांबतात. कुणी म्हणते, भाजी आणायला जाताना. कुणी म्हणते, नळाला पाणी येतं तेव्हा, पहाटे, तो झोपलेला असतो. तेवढाच वेळ धरून मग काम करायचं असतं: त्या पहाटेच्या वीस मिनिटांत मुलाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, आणि आजोळी किंवा शेजारी असं कोण आहे ज्याच्याकडे ते रात्री धावत जाऊ शकेल.

कायदा म्हणतो, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आल्यापासून पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि तिच्यापासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात समन्स पोहोचत नाही, समोरचा वकील मुदत मागतो, साहेब रजेवर असतात, आणि तारीख पुढच्या महिन्यावर जाते. बाई वहीत तारीख लिहून घेते, पोराचं बोट धरते आणि त्याच घरी परत जाते, कारण दुसरं घर अजून ठरलेलं नसतं. वाटेत मूल विचारतं, "आता काय?" पुढच्या तारखेपर्यंतच्या सगळ्या रात्री तिला एकटीनेच काढायच्या असतात.